पंचवीस-पंधराचा रस्ता

सुरगाणा असो की सिन्नर, गावाच्या वेशीवर किंवा सभामंडपाच्या भिंतीवर एक पाटी हमखास दिसते. कामाचे नाव, अंदाजित किंमत, आमदारांचे नाव आणि कुठेतरी कोपऱ्यात एक आकडा: २५१५. गावात त्याला कोणी दोन हजार पाचशे पंधरा म्हणत नाही. ‘मंडप पंचवीस-पंधरातून आला’ एवढेच म्हणतात. नाशिकच्या जिल्हा परिषदेच्या आवारात थोडा वेळ घालवला, तर ‘तीस-चोपन्न’ आणि ‘पन्नास-चोपन्न’ही कानावर पडतात. ज्याला अर्थसंकल्पाची प्रत कधी बघायलाही मिळालेली नाही, असा माजी सरपंचही या आकड्यांत चुकत नाही.

हे आकडे म्हणजे लेखाशीर्षे. सरकारचा प्रत्येक रुपया कुठल्या ना कुठल्या लेखाशीर्षाखालीच येतो आणि त्याखालीच जातो. पहिला अंक बघितला, तरी निम्मे कळते. शून्य किंवा एकाने सुरू होणारे शीर्ष जमेचे. दोन आणि तीनचे महसुली खर्चाचे, म्हणजे पगार, औषधे, डागडुजी, अनुदाने. चार आणि पाचचे भांडवली खर्चाचे, म्हणजे नवा रस्ता, धरण, इमारत. सहा-सात कर्जांचे. आठचे लोकलेख्याचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ठेवी असा सरकारकडे असलेला पण सरकारचा नसलेला पैसा. त्यामुळे ‘३०५४’ म्हटले की रस्त्याची देखभाल-दुरुस्ती आणि ‘५०५४’ म्हटले की रस्त्याचे भांडवली काम. खड्डा बुजवायचा पैसा आणि नवा रस्ता करायचा पैसा वेगळा असतो. एकाचा दुसऱ्यात सहज वळवता येत नाही. ‘एवढे कोटी आले म्हणता, मग आमचा खड्डा का बुजत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या दोन आकड्यांमधल्या भिंतीत असते.

या भिंती बांधतो अर्थसंकल्प. मार्चमधल्या भाषणात शेर, अभंग, घोषणा आणि विरोधकांच्या आरोळ्या असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘काय स्वस्त, काय महाग’ असते. खरी घडण मात्र त्याआधी कित्येक महिने, अगदी तालुक्याच्या कचेरीतल्या टेबलावर सुरू झालेली असते. मंजूर पदे किती, भरलेली किती, इमारतीचे भाडे किती, विजेचे बिल किती, गेल्या वर्षी मागितले किती आणि खर्चले किती, हा तपशील कार्यालयाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून खातेप्रमुखाला आणि तिथून मंत्रालयात जातो. त्याच काळात चालू वर्षाचे आठमाही अंदाजही तयार होत असतात. वर्षाचा बराच भाग उलटल्यावर प्रत्यक्ष खर्च कुठवर आला आहे ते पाहून कुठल्या शीर्षात पैसे उरणार आणि कुठल्यात तुटणार, याचा हिशेब मांडायचा. कारकुनी वाटणारे हे काम ज्या कार्यालयात निष्काळजीपणे होते, त्याचे वीजबिल पुढे वर्षभर थकते.

१० मार्च २०२५ रोजी अजित पवार यांनी अर्थमंत्री म्हणून अकरावा अर्थसंकल्प मांडला, तेव्हा राज्याच्या एकूण खर्चाने प्रथमच सात लाख कोटींचा आकडा ओलांडला. नेमका अंदाज ७ लाख २० कोटींचा होता. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. आकडे प्रचंड आहेत. पण महसुली जमेतला निम्म्याहून अधिक पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांतच जातो. एखाद्या अर्थमंत्र्याने मनात आणले, तरी या तीन शीर्षांना हात लावणे अवघड. मोकळ्या हाताने वाटता येईल असा पैसा भाषणातल्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो.

शिवाय मार्चमधला अर्थसंकल्प हे त्या वर्षाचे शेवटचे कागदपत्र नसते. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. जुलै २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक तोंडावर असताना आलेल्या पुरवणी मागण्या ९४ हजार ८८९ कोटींच्या होत्या. ३० जून २०२५ रोजी मांडलेल्या ५७ हजार ५०९ कोटींच्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ मध्ये या मार्गाची सोय आहे, ती अचानक उद्‌भवणाऱ्या गरजेसाठी. पण मूळ अर्थसंकल्प मांडून चार महिने होत नाहीत तोच एवढी रक्कम आठवावी, हे नियोजनाचे लक्षण म्हणता येणार नाही. विधिमंडळाची मान्यता मात्र सुटत नाही. विनियोजन अधिनियम झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. अधिवेशन नसताना अकस्मात गरज पडलीच, तर १५० कोटींचा आकस्मिकता निधी असतो आणि त्यातून उचललेली रक्कम नंतर विधिमंडळाच्या संमतीने भरून काढावी लागते.

नाशिकच्या माणसाला यातला सर्वांत जवळचा भाग म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. २०२५-२६ मध्ये राज्यातल्या सर्व जिल्ह्यांसाठी मिळून २० हजार १६५ कोटींची तरतूद होती. प्रत्येक जिल्ह्याला आधी मंत्रालयातून कमाल मर्यादा कळवली जाते. त्या मर्यादेत आराखडा बसवायचा आणि मग अर्थमंत्र्यांसमोरच्या राज्यस्तरीय बैठकीत वाढीव रक्कम मागायची, असा दरवर्षीचा रिवाज. नाशिक विभागातले पाच जिल्हे, म्हणजे नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार, एका दिवशी आपापले गाऱ्हाणे मांडतात. सर्वसाधारण योजना, आदिवासी उपयोजना आणि अनुसूचित जाती उपयोजना मिळून नाशिकचा आराखडा अलीकडे हजार कोटींच्या वर असतो. पंधरा तालुके, त्यातले सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण असे आदिवासीबहुल, आणि दुसऱ्या टोकाला द्राक्ष-कांद्याचा निफाड, सतत पाण्याची वाट पाहणारा येवला. एकाच पानावर हे सगळे बसवायचे.

ते बसवणारी जिल्हा नियोजन समिती घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीतून आली. महाराष्ट्राने तिच्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव, आणि चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिकांतून निवडून आलेले, अशी तिची रचना. कागदावर छानच. पण नाशिक जिल्हा परिषदेची आणि महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि दोन्हीकडे प्रशासक बसले. पुढे १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली. नाशिकसाठी गिरीश महाजन यांचे नाव होते. सत्ताधाऱ्यांतल्याच मित्रपक्षाची नाराजी उफाळली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक व रायगड या दोन जिल्ह्यांच्या नियुक्तीला स्थगिती मिळाली. म्हणजे समितीच्या अध्यक्षाची खुर्ची रिकामी आणि निवडून आलेल्यांचे बाकही रिकामे. तरी योजना झाली, निधी आला, कामेही निघाली. ज्या निर्णयासाठी घटनेने लोकप्रतिनिधींची समिती सांगितली, तो अधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि मंत्रालयातल्या बैठकीत झाला. त्याची चर्चा पालकमंत्री कोण, या कुतूहलापलीकडे फारशी गेली नाही.

आराखडा मंजूर झाला म्हणजे पैसा आला, असा समज गावात असतो. पुढाऱ्यांनाही तो तसाच राहिलेला आवडतो. प्रत्यक्षात तरतूद, वितरण आणि खर्च या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तरतूद म्हणजे विधिमंडळाने दिलेली परवानगी. वितरण म्हणजे वित्त विभागाने तिजोरीतली आवक पाहून वेळोवेळी मोकळा केलेला हिस्सा. आता हे काम ‘बीम्स’ नावाच्या संगणक प्रणालीवर चालते. मंत्रालयातून खातेप्रमुखाकडे, तिथून जिल्ह्यातल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे रोजच्या भाषेतल्या ‘डीडीओ’कडे, निधी लेखाशीर्षानुसार उतरत जातो. जिल्ह्यातली मंडळी अजूनही जुन्या नावाने विचारतात, ‘बीडीएस निघाली का?’ बांधकाम खात्याचा ठेकेदार विचारतो, ‘एलओसी आली का?’ अर्थ एकच. मंजुरीचे पत्र खिशात असते, पण प्रणालीवर रक्कम दिसल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही.

२०२० साली हा फरक सगळ्या राज्याला एकदम समजला. टाळेबंदीत जीएसटी आणि मुद्रांक शुल्काची आवक आटली. मार्चचे पगार दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय झाला. पहिल्या टप्प्यात अ आणि ब वर्गाला निम्मा पगार, क वर्गाला पाऊण, ड वर्गाला पूर्ण. मग ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने त्या वर्षाच्या कार्यक्रमांसाठी तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल, नवी कामे सुरू करायची नाहीत, असे बजावले गेले. अर्थसंकल्प तोच होता, विधिमंडळाने मंजूर केलेला. त्यातला एक आकडाही पुसला गेला नव्हता. प्रणालीवरची रक्कम तेवढी आटली होती.

आता निधी जिल्ह्यात पोचला, असे समजू. काम झाले, अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंद घेतली, बिल तयार झाले. ते जाते कोषागारात. नाव कोषागार असले, तरी तिथे नोटांच्या थप्प्या नसतात. सरकारचा पैसा रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात असतो आणि जिल्ह्यात तिच्या वतीने मुख्यतः स्टेट बँक व्यवहार करते. कोषागारात असतात ते तपासणारे डोळे. बिलासोबत बीम्सचे प्राधिकारपत्र आहे का, लेखाशीर्ष बरोबर आहे का, मंजुरी सक्षम अधिकाऱ्याची आहे का, सही नमुन्याशी जुळते का, बेरीज जुळते का. एक गोष्ट खटकली, तरी आक्षेपाचा शेरा मारून बिल परत. यासाठीची पोथी म्हणजे १९६८ चे महाराष्ट्र कोषागार नियम आणि १९५९ चे मुंबई वित्तीय नियम. संगणक आले, बिले ऑनलाइन झाली, धनादेश जाऊन रक्कम थेट खात्यात पडू लागली, पण आक्षेपाची भाषा बरीचशी त्या पोथीतलीच राहिली.

सर्वसामान्य माणसाचा कोषागाराशी संबंध येतो तो बहुधा निवृत्तीनंतर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत ज्यांच्या रांगा लागतात, त्यांच्या पेन्शनचा हिशेब याच कचेरीत ‘निवृत्तिवेतनवाहिनी’ प्रणालीवर चालतो. नोकरीत असलेल्यांचे पगार ‘सेवार्थ’वर, शिक्षकांचे ‘शालार्थ’वर.

कोषागारात जाडजूड दारांची एक खोली मात्र अजून असते. तिच्यात सीलबंद पेट्या असतात, दुसऱ्या कचेऱ्यांच्या जादा किल्ल्या असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली मुख्य वस्तू म्हणजे मुद्रांक. ही खास नाशिकची कथा. नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापत आला आहे. तिथून निघालेले कागद देशभरच्या कोषागारांत आणि कोषागारांतून विक्रेत्यांकडे जात. या साखळीला सुरुंग लावला अब्दुल करीम तेलगीने. याच छापखान्यातली बाद झालेली यंत्रे मिळवून त्याने बनावट मुद्रांक बाजारात आणले, असे तपासात उघड झाले. सरकारच्या जमेच्या बाजूला पडलेले भोक किती मोठे असू शकते, ते त्या प्रकरणाने दाखवले. त्यानंतर फ्रँकिंग, ई-चलन आणि ‘ग्रास’ नावाची ऑनलाइन जमा प्रणाली रुळत गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रतिज्ञापत्र सोडून अनेक दस्तांसाठी शंभरऐवजी पाचशेचा मुद्रांक लागू झाला, तेव्हा जमेच्या एका शीर्षात भर पडली आणि मुद्रांक विक्रेत्यांच्या टेबलांसमोर वाद सुरू झाले.

खर्चाच्या बाजूला सगळ्यात मोठा गोंधळ असतो तो कॅलेंडरचा. भारतात १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष १८६७ पासून आहे, ब्रिटिशांच्या सोयीने आलेले. एल. के. झा समितीने १९८५ मध्ये ते जानेवारी ते डिसेंबर करावे, असे सुचवले होते. ते बासनात गेले. नाशिकसारख्या जिल्ह्यात या वर्षाचा मेळ पावसाशी बसत नाही. एप्रिल-मे कागदपत्रांत जातो, जून ते सप्टेंबर इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात डांबर टाकता येत नाही. उरतात सहा महिने. त्यात आचारसंहिता लागली की संपले. २०२४ चेच बघा. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. नाशिक शिक्षक मतदारसंघाचे मतदान २६ जूनला होते. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, ती नोव्हेंबरअखेरपर्यंत. २०२४-२५ या वर्षात प्रशासनाच्या हाती सलग किती महिने आले, ते बोटांवर मोजता येतील.

याचा शेवट मार्चमध्ये होतो. ३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे परत जातो. म्हणून ‘मार्च एंड’ला कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात, बँकेच्या शाखा खास उघड्या ठेवल्या जातात, आणि पुढच्या वर्षी कमी निधी मिळेल या भीतीने कचेऱ्या बिले घेऊन धावत येतात. ही घाई रोखायला वित्त विभाग दरवर्षी फर्मान काढतो, की फेब्रुवारीच्या मध्यानंतर नव्या खरेदीचे प्रस्ताव मंजूर करू नयेत. फर्मानातून सूट देणारी पत्रेही दरवर्षी निघतात.

जिल्हा परिषदेला एक सवलत आहे. तिला जिल्हा योजनेतून मिळालेला निधी पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत खर्चता येतो. सवलत रास्त आहे, पण तिचा एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. निधी कोषागारातून जिल्हा परिषदेच्या खात्यात गेला, की राज्याच्या वहीत तो खर्च म्हणून नोंदला जातो. मार्चअखेर ‘जिल्ह्याचा शंभर टक्के निधी खर्च’ अशी बातमी येते, तेव्हा त्यातल्या काही रस्त्यांवर खडीही पडलेली नसते. दोन वर्षांनी जिल्हा परिषदेचा अखर्चित निधी शासनाकडे परत गेल्याची दुसरी बातमी येते. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. मधल्या काळात प्रत्येक वर्षाच्या निधीवर आदल्या वर्षाच्या कामांचे दायित्व बसलेले असते. दायित्व वजा जाता उरलेल्या रकमेच्या दीडपट कामांना मान्यता देता येते. सगळी कामे एकाच वर्षात पुरी होत नाहीत, या गृहीतावर हा नियम उभा आहे. त्यामुळे नव्या कामांसाठी किती उरले, हा नाशिकच्या बैठकांतला कायमचा वादाचा विषय.

नियमांनुसार तातडीने द्यायची नसेल, तर रक्कम कोषागारातून काढूच नये. तरी ती काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे पीएलएत, किंवा एखाद्या महामंडळाच्या बँक खात्यात ठेवण्याची वाट जुनी आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, महाराष्ट्राच्या अहवालांत या सवयीवर आणि थकलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांवर वारंवार बोट ठेवत आले आहेत. अनुदान दिले, पण ते ज्या कामासाठी दिले त्यावरच खर्च झाले याचा दाखला आला नाही, असा तो आक्षेप.

माग ठेवायची यंत्रणा कमी आहे, असे नाही. कोषागार दरमहा आपला हिशेब आणि व्हाउचर मुंबईच्या महालेखापालांकडे पाठवते. कार्यालयांनी आपल्या नोंदी त्यांच्याशी ताडून खर्चमेळ करायचा. वर्षाअखेर विनियोजन लेखे तयार होतात, कॅगचा अहवाल विधिमंडळात येतो, लोकलेखा समिती सचिवांना बोलावते. जिल्हा योजनेसाठी ‘आयपास’ ही प्रणाली आहे. प्रस्ताव, मान्यता, निधीची मागणी त्यावर. ती वापरणाऱ्या आणि वेळेत खर्च करणाऱ्या जिल्ह्याला विभागात एक याप्रमाणे ५० कोटींचा ‘आव्हान निधी’ देण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली होती. यातली जवळजवळ प्रत्येक यंत्रणा पैसा कधी निघाला, कुठल्या शीर्षातून निघाला, कोणाच्या सहीने निघाला, हे चोख सांगते. तो पोचला का, या प्रश्नाला तिच्यात रकाना नाही, किंवा असला तर फोटो चिकटवण्यापुरता.

नाशिकपासून काही किलोमीटरवर, पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक हिशेब दगडात कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वर्षाचे व्याज २४०, वीस गुणिले बारा २४०. हिशेब पैपर्यंत जुळतो. हे सगळे नगरसभेत जाहीर करून दप्तरात नोंदवले, असेही लेख सांगतो. रक्कम, दर, हेतू, लाभार्थी आणि नोंद, सगळे एका भिंतीवर. आणि लाभार्थी रोज त्याच भिंतीसमोरून जाणारे. आजच्या पाटीवर आमदारांचे नाव मोठे असते. मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक नसतो, आतापर्यंत अदा झालेली रक्कम नसते.

लेखाशीर्ष हा निरुपद्रवी आकडा आहे, असे वाटत असेल तर मे २०२५ मधली घटना आठवावी. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये महिला व बालविकास विभागाकडे वर्ग झाले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजू अशी, की योजनेतल्या अनुसूचित जाती आणि जमातींच्या लाभार्थी महिलांसाठीच हा पैसा जातो, म्हणून त्या-त्या शीर्षातून तो दाखवला. हिशेबाच्या नियमात हे बसते. पण आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे, कळवण आणि नाशिकची प्रकल्प कार्यालये इथल्याच आश्रमशाळा चालवतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहाला मिळू शकला असता, असा पैसा सर्वांसाठीच्या योजनेत गेला आणि तरीही आदिवासी उपयोजनेचा टक्का कागदावर पूर्ण राहिला. असे आकडे वाचताना शीर्षाखालचा तपशील पाहिल्याशिवाय त्यांवर विश्वास ठेवू नये.

आता नाशिकपुढे या सगळ्या यंत्रणेची मोठी परीक्षा आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरे ३१ ऑगस्टला, तिसरे नाशिकला ११ आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. कामे मात्र २०२७ चा पाऊस पडायच्या आत पुरी व्हायला हवीत. म्हणजे त्यांच्यासाठी २०२५-२६ आणि २०२६-२७ ही दोन आर्थिक वर्षे आणि तिसऱ्याचे जेमतेम दोन महिने. महापालिका, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, पोलीस, आरोग्य अशा अनेक खात्यांची शीर्षे वेगळी, मंजुरीचे अधिकार वेगळे. म्हणून २०२५ मध्ये विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन करणारा कायदा झाला. मान्यता एका ठिकाणी आल्या, की वेळ वाचेल, हे खरे. पण रुपया शेवटी त्याच वाटेने येणार: पुरवणी मागणी, वितरण, प्राधिकारपत्र, बिल, आक्षेप, अदायगी. २०२५ सालीच राज्यभरचे ठेकेदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले होते. ज्यांची आधीची बिले अडकली आहेत, त्यांनीच रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या निविदा भरायच्या आहेत, आणि थकबाकीचा धोका ते दरात धरणार, हे उघड आहे.

कुंभाच्या खर्चात कायमची आणि तात्पुरती अशी दोन प्रकारची कामे असतात. पूल आणि मलनिस्सारण केंद्र दहा वर्षांनंतरही उभे राहून तपासता येते. तंबू, लाकडी बॅरिकेड, भाड्याचे दिवे, फिरती शौचालये मात्र शेवटच्या स्नानानंतर काही आठवड्यांत उचलली जातात. लेखापरीक्षक येईल तेव्हा त्यांच्या जागी मोकळे मैदान किंवा पुन्हा पेरलेले शेत असेल, आणि त्याच्या हाती फक्त तेव्हाच्या मोजमाप नोंदी आणि फोटो असतील. म्हणून साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीची, म्हणजे साधुग्रामची, मोजमापे कोण घेणार, कधी घेणार आणि ती मेळा चालू असतानाच जाहीर करणार का, हे २०२६ च्या ध्वजारोहणाआधी ठरायला हवे. कारण तात्पुरत्या कामांची बरीच बिले कोषागारात येतील ती १२ सप्टेंबर २०२७ नंतर, आणि त्या वर्षाचा हिशेब ३१ मार्च २०२८ च्या रात्री बंद होईल.